‘गोचीड ताप’ नेमकं कशाला म्हणायचं?

खान्देशात हा शब्द आधी गोठ्यातला. संकरित गाय चारा सोडते, ताप १०५-१०६ अंशांवर जातो, खांद्यापुढची गाठ सुजते; पशुवैद्यक थायलेरिया (गोचिडीतून येणारा रक्तातला परजीवी) धरून बुपारव्हाक्वोनचं इंजेक्शन देतो. लघवी लाल झाली तर संशय बबेसिया या दुसऱ्या परजीवीवर. गायीचा हा थायलेरिया माणसाला होत नाही. गोंधळ सुरू झाला तो हाच शब्द माणसाच्या तापाला लावल्यावर.

माणसांत हे नाव आज सगळ्यात जास्त चिकटलंय ते स्क्रब टायफसला, आणि नेमकं तिथंच ते चुकतं. स्क्रब टायफस गोचिडीने होत नाही. तो होतो चिगर नावाच्या अळीमुळे. ही मातीत राहणाऱ्या एका माइटची (बारीक किड्याची) अळी: सहा पायांची, केशरी-लालसर, जेमतेम ०.२ मिलिमीटर, म्हणजे डोळ्यांना जवळपास न दिसणारी. बांधावरच्या गवतात, झुडपांच्या कडेला, उंदरांच्या वाटेवर ती असते. ती रक्त पीत नाही. लाळेने कातडी विरघळवून तो रस घेते, आयुष्यात एकदाच चावते आणि दोन-चार दिवसांनी गळून पडते. जंतू तिच्यात आईकडूनच आलेला असतो. दुखत नाही, म्हणून कळतही नाही. कपाशीच्या निंदणीला किंवा केळीच्या बागेत पिलं कापायला गेलेल्या बाईला ओपीडीत ‘गोचीड चावली होती का?’ असं विचारलं, तर ती खरं तेच सांगते: नाही. चौकशी तिथंच संपते. शब्दाच्या चुकीची किंमत ही अशी मोजावी लागते.

खरोखर गोचिडीने होणारे ताप वेगळे. कुत्र्यावरच्या तपकिरी गोचिडीमुळे होणारा टिक टायफस त्यातला एक. त्यात पुरळ तळहात-तळपायांवरही उठतो. दुसरा काँगो ताप. तो शेजारच्या गुजरातेत जानेवारी २०११ मध्ये आढळला, आणि देशातली ती पहिलीच नोंद. तो विषाणूचा आहे. त्याच्यावर डॉक्सिसायक्लिनचा (स्क्रबवरच्या अँटिबायोटिकचा) उपयोग नाही आणि गुरांवरची गोचीड बोटांनी चिरडणाऱ्याला त्याचा धोका असतो. सिंधुदुर्गात २०१६ पासून दिसलेला माकडतापही गोचिडीचाच, तोही विषाणूचा.

इंटरनेटवर ‘टिक फीव्हर’ शोधलं की मात्र समोर येतो लाइम हा आजार. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात लाइम गावाच्या परिसरात १९७५ च्या सुमारास मुलांमध्ये सांधेदुखीची लाट दिसली, १९८२ मध्ये जंतू सापडला: बोरेलिया, स्प्रिंगसारख्या पिळाचा. तो पसरवते आयक्सोडिस जातीची गोचीड. आपल्या गुरांवर असतात त्या हायलोमा आणि ऱ्हिपिसेफॅलस. त्या लाइम पसरवत नाहीत. लाइमचं निदान सुरुवातीला डोळ्यांनीच करायचं असतं. चाव्यापासून ३ ते ३० दिवसांत पसरत जाणारा, ५ सेंटिमीटरहून मोठा लालसर चट्टा दिसतो, सावळ्या कातडीवर तो मुक्या मारासारखा निळसर वाटू शकतो. चट्टा असेल तर रक्ततपासणीची वाट पाहत नाहीत. पहिल्या आठवड्यांत ती बहुधा निगेटिव्हच येते. पुढच्या टप्प्यात दोन पायऱ्यांची तपासणी: आधी एलायझा (प्रतिद्रव्यं शोधणारी रक्तचाचणी), तो पॉझिटिव्ह किंवा संशयित असेल तरच वेस्टर्न ब्लॉट ही खात्रीची चाचणी, त्यात आयजीजी या प्रतिद्रव्याच्या दहापैकी किमान पाच पट्ट्या. लेप्टोचा जंतू लेप्टोस्पायरा हाही पिळाचाच असल्यामुळे लेप्टोच्या रुग्णात लाइमचा एलायझा खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. चोपडा-यावल हे जळगावचे तालुके सोडून कुठंही न गेलेल्या रुग्णाला हजारो रुपयांचं लाइम पॅनल लिहून देणं आम्हाला गैर वाटतं.

स्क्रब टायफसचा इतिहास जुना, जपानमधल्या नदीकाठच्या शेतांतला. ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी या त्याच्या जंतूच्या नावातला ‘त्सुत्सुगामुशी’ हा शब्दही तिथलाच. दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेश आघाडीवर त्याने सैनिक पाडले. १९४८ मध्ये मलायात क्लोरॅम्फेनिकॉलने तो बरा होतो हे दिसलं. मग आपल्याकडे तो जणू विसरला गेला. एक मत असं की तो गेलाच नव्हता: टायफॉइड समजून सर्रास दिलेल्या क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिनने तोही नकळत बरा होत होता. त्यांची जागा सेफिक्झिम-सेफ्ट्रायॅक्सोन या नव्या अँटिबायोटिकांनी घेतली आणि झाकण उघडलं, कारण हा जंतू पेशीच्या आत राहतो आणि ही औषधं त्याला लागू पडत नाहीत. २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात रुग्ण दिसू लागले, तेव्हा हे नाव मराठी वाचकांच्या कानावर पडलं.

स्क्रबच्या निदानात सगळ्यात जास्त वाद आहे तो वेल-फेलिक्स या रक्ततपासणीचा. १९१६ ची ही चाचणी प्रोटियस या भलत्याच जंतूवर चालते. रिकेट्सियाविरुद्धची (स्क्रब, टिक टायफसच्या जंतुगटाविरुद्धची) प्रतिद्रव्यं त्याच्याशी जुळतात, एवढाच तिचा आधार. प्रोटियसच्या तीन प्रकारांपैकी ओएक्स-के वाढलं तर स्क्रब, ओएक्स-१९ किंवा ओएक्स-२ वाढलं तर टिक टायफसकडे बोट. पहिल्या पाच-सात दिवसांत ती बहुधा कोरी येते, आणि लघवीतल्या प्रोटियस संसर्गाने खोटी वाढते. तरी ती टिकली, कारण ती स्वस्त आहे आणि तालुक्याच्या लॅबमध्ये होते. २०१५ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी १:८० या प्रतिद्रव्यांच्या पातळीला ‘शक्यता’ म्हटलं, पण प्रत्येक भागातल्या लोकांची मूळ पातळी आधी ठरवा असंही सांगितलं. ती पातळी न ठरवता एकच आकडा सगळीकडे लावणं चूक आहे. आयजीएम एलायझा (ताज्या संसर्गाची प्रतिद्रव्यं दाखवणारा) मिळत असेल तर तोच करावा.

त्याच सूचनांतला मोठा निर्णय: संशय आला की रिपोर्टची वाट न पाहता औषध सुरू करा. प्रौढाला डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ७ दिवस. गरोदर बाईला अॅझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम रोज, ५ दिवस. अँटिबायोटिकचा वापर वाढेल हा आक्षेप खरा आहे, पण उशिराने मूत्रपिंड आणि फुप्फुसं जातात, म्हणून आमचा कौल सूचनांच्या बाजूने. गंभीर रुग्णांत शिरेतून डॉक्सी आणि अॅझिथ्रो दोन्ही एकत्र दिल्याने एकेकट्या औषधापेक्षा निकाल चांगला येतो, हे २०२३ च्या भारतातल्या चाचणीने दाखवलं. डॉक्सीची गोळी भरपूर पाण्याबरोबर, जेवणानंतर. मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. लोह किंवा अँटासिड सोबत नको. उन्हात कातडी भाजते, तेव्हा शेतात पूर्ण बाह्यांचा सदरा हवा. ४८ तासांत ताप उतरला नाही तर निदान पुन्हा तपासायचं.

प्लेटलेट कमी दिसल्या की सगळे डेंग्यू म्हणतात, म्हणून चिगरच्या चाव्याची खूण शोधायला रुग्णाचे कपडे काढून पाहणं टाळू नये. जागा ठरलेल्या: करदोड्याखाली, परकराच्या नाडीच्या रेषेत, काखेत, जांघेत, स्तनाखाली, कानामागे. सिगारेटने भाजल्यासारखी काळी, न दुखणारी खपली आणि भोवती लाल कडं. ओलसर घडीत खपली धरत नाही, तिथं नुसती पिवळट जखम दिसते आणि ती खरूज म्हणून सोडून दिली जाते.