परवान्याची जुनी बंदूक विकताना आणि घेताना

आपली बंदूक दुसऱ्या परवानाधारकाला थेट विकता येते, त्यासाठी दुकानदाराचा परवाना लागत नाही. मात्र शस्त्र अधिनियम 1959, कलम 5 प्रमाणे आधी जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावे लागते. अर्जात घेणाऱ्याचे नाव-पत्ता हवाच. कळवल्यापासून 45 दिवस उलटल्याशिवाय ताबा द्यायचा नाही. अर्जाच्या आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घ्या, दिवस तिथूनच मोजायचे.

सगळे घोटाळे या 45 दिवसांतच होतात. इसार झाला, बाँडवर लिहून झाले, की बंदूक घेणाऱ्याच्या घरी जाते. "चार दिवस नेऊन बघतो" यालाही ठाम नाही म्हणा, मग समोर सख्खा मेहुणा का असेना. अशात दोघेही गुन्ह्यात अडकतात. पैसे बँकेतून, शक्यतो ताब्याच्या दिवशीच घ्या.

घेणाऱ्याचा मूळ परवाना हातात घेऊन वाचा, झेरॉक्सवर जाऊ नका. मुदत चालू हवी, यूआयएन (परवानाधारकाचा ओळख क्रमांक) हवा, शस्त्राचा प्रकार जुळायला हवा. 2019 च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, त्यामुळे जागा शिल्लक आहे का तेही पाहा.

आपल्या भागात खरी अडचण हद्दीची. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या बऱ्याच परवान्यांवर क्षेत्र फक्त कर्नाटक असते. अशी बंदूक चंदगडला किंवा कागलला दाखवायला नेणेसुद्धा परवान्याचा भंग. घेणारा महाराष्ट्रातला असेल तर दोन्हीकडच्या परवाना शाखांत आधी चौकशी करा आणि लेखी परवानगी हातात पडेपर्यंत बंदूक हलवू नका.

आता बंदूक. आधी ती नळीकडून उघडून आत काडतूस नाही याची खात्री करा. बारा बोअर दुनळीचा नळीवरचा आणि खालच्या लोखंडी भागावरचा नंबर परवान्याशी ताडून बघा. नंबर खोडलेली किंवा नंबर नसलेली बंदूक फुकट मिळाली तरी घेऊ नका, कायद्याने तिची विक्रीच बंद आहे. नळ्या काढून उजेडाकडे धरा. आत काळे खड्डे दिसले तर गंज मुरलेला आहे. प्रकाशाच्या कड्यात कुठे गडद वळे दिसले तर नळी तिथे फुगलेली आहे, असली बंदूक सोडून द्या. नळ्या परत बसवून, पुढची लाकडी मूठ न लावता, त्या हलवून बघा. खुळखुळल्या तर बिजागरी झिजली आहे. जुन्या विलायती दुनळींचे घर, म्हणजे नळीत काडतूस बसते तो भाग, बहुधा 65 मिलिमीटरचे असते. त्यात 70 चे काडतूस बसते खरे, पण उडताना त्याचे तोंड पुरते उघडायला जागा मिळत नाही आणि दाब धोकादायक वाढतो.

निवडणुकीत ठाण्यात जमा असलेली बंदूक पावतीवरून विकत घेऊ नका. ती तेलाविना पडून राहते. सुटल्यावर नळी पाहून मगच भाव ठरवा.

ताबा झाला की विकणाऱ्याच्या परवान्यावरून नोंद कमी करून घ्या आणि घेणाऱ्याच्या परवान्यावर चढवून घ्या. जुनी नोंद तशीच राहिली तर कागदोपत्री ती बंदूक विकणाऱ्याचीच.