मॉटले, कॉन्स्टन्स बेकर

(१४ सप्टेंबर १९२१ – २८ सप्टेंबर २००५). अमेरिकेतील नागरी हक्कांच्या लढ्यातील अग्रणी वकील आणि संघीय न्यायाधीशपदी नियुक्त झालेल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. त्यांचा जन्म कनेटिकट राज्यातील न्यू हेवन येथे, कॅरिबियन समुद्रातील नेव्हिस बेटावरून आलेल्या कुटुंबात झाला. घरची परिस्थिती बेताची होती. मात्र एका सभेतील त्यांचे भाषण ऐकून प्रभावित झालेल्या क्लॅरन्स ब्लेकस्ली या दानशूर उद्योजकाने त्यांच्या शिक्षणाचा खर्च उचलला. १९४६ मध्ये त्यांनी कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली.

विद्यार्थिदशेतच त्या ख्यातनाम कृष्णवर्णीय वकील थरगुड मार्शल यांच्या हाताखाली नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या विधी संरक्षण निधीत रुजू झाल्या. शाळांमधील वंशभेदाविरुद्धच्या ‘ब्राउन’ खटल्याचा मूळ दावा तयार करण्यात त्यांचा वाटा होता. मिसिसिपी विद्यापीठाने प्रवेश नाकारलेल्या जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याची बाजू त्यांनी सलग लढवली आणि १९६२ मध्ये त्याला प्रवेश मिळवून दिला. सर्वोच्च न्यायालयात त्यांनी युक्तिवाद केलेल्या १० खटल्यांपैकी ९ जिंकले. गमावलेला ‘स्वेन’ खटला ज्यूरीतून कृष्णवर्णीयांना वगळण्याविषयी होता. असे वगळणे सिद्ध करण्यासाठी त्यात घातलेला पुराव्याचा जाचक निकष त्याच न्यायालयाने १९८६ मध्ये मोडीत काढला, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे.

अमेरिकेत संघीय न्यायाधीशाचे नामनिर्देशन राष्ट्राध्यक्ष करतात, परंतु सिनेटच्या संमतीविना नियुक्ती होत नाही. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी जानेवारी १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्हा न्यायालयासाठी मॉटले यांचे नाव सुचवले, तेव्हा त्या न्यूयॉर्क शहरातील मॅनहॅटन बरोच्या (प्रशासकीय विभागाच्या) अध्यक्ष होत्या. सिनेटच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष जेम्स ईस्टलंड हे मिसिसिपीचेच, वंशविलगतेचे (कृष्णवर्णीयांना वेगळे ठेवण्याच्या धोरणाचे) कट्टर समर्थक. ज्या वकिलीने मॉटले यांची योग्यता सिद्ध केली होती, तीच ईस्टलंड यांना खटकत होती. त्यांनी मॉटले यांच्यावर साम्यवादी असल्याचा आरोप केला आणि नियुक्ती सात महिने रखडवली. अखेर ३० ऑगस्ट १९६६ रोजी सिनेटने तिला मान्यता दिली.

पूर्वायुष्यावरून होणारा हा आक्षेप न्यायासनापर्यंतही पोहोचला. १९७५ मध्ये स्त्रियांना नोकरीत डावलल्याच्या एका दाव्यात प्रतिवादी वकिली संस्थेने, मॉटले स्वतः स्त्री असून नागरी हक्कांच्या वकील होत्या, या कारणास्तव त्यांनी प्रकरणातून बाजूला व्हावे, अशी मागणी केली. न्यायाधीशाचा वंश, लिंग किंवा पूर्वीची वकिली एवढ्यावरूनच त्याला अपात्र ठरवायचे म्हटले, तर या न्यायालयातील एकही न्यायाधीश हा दावा चालवू शकणार नाही, असे कारण देऊन त्यांनी ती फेटाळली. न्यायाधीशाच्या निःपक्षपातीपणाच्या चर्चेत हा निर्णय आजही आधाराला घेतला जातो, आणि त्यातील तर्काला खरोखरच उत्तर नाही. १९७८ मध्ये त्यांनी महिला क्रीडापत्रकारांना यांकी स्टेडियममधील खेळाडूंच्या खोलीत पुरुष पत्रकारांप्रमाणेच प्रवेश देण्याचा आदेश दिला. १९८२ ते १९८६ या काळात त्या जिल्हा न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीश होत्या. त्यानंतर ज्येष्ठ न्यायाधीश म्हणून त्या न्यूयॉर्कमधील निधनापर्यंत कार्यरत राहिल्या.