अंधारकोठडी (फोर्ट विल्यम, कलकत्ता)

कलकत्त्याच्या जुन्या फोर्ट विल्यम किल्ल्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायांना डांबण्याची खोली. इंग्रज तिला ‘ब्लॅक होल’ म्हणत. २० जून १७५६ च्या रात्री सिराजउद्दौलाच्या फौजेने पकडलेले लोक तिच्यात कोंडले गेले, त्यामुळे ती शालेय इतिहासात पोचली. एरवी ती पलटणीतल्या बेशिस्तांसाठीची नेहमीची कोठडी होती.

पूर्वेच्या तटाला लागून असलेल्या बराकींच्या दक्षिण टोकाला ही खोली होती. लांबी सुमारे १८ फूट, रुंदी १५ फुटांना किंचित कमी. पूर्वेला आणि दक्षिणेला सलग भिंती, पश्चिमेला व्हरांड्याकडे जाड गजांच्या दोन खिडक्या, आत फळ्यांचा ओटा. दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्या एखाद-दुसऱ्या गोऱ्या शिपायाला नशा उतरेपर्यंत ठेवायला ती पुरेशी होती.

लांबलचक कैद कंपनीला परवडणारी नव्हती. युरोपातून माणूस आणायला निम्मे वर्ष जाई. त्याला बसवून खाऊ घालण्यापेक्षा फटके मारून पुन्हा पहाऱ्यावर उभा करणे सोयीचे. कंपनीच्या फौजेसाठी संसदेने १७५४ मध्ये स्वतंत्र कायदा केला, तेव्हा मुंबई, मद्रास आणि बंगाल या तिन्ही इलाख्यांतल्या कोर्टमार्शलांना पक्का आधार मिळाला. बंड करणे किंवा पळून जाणे यासाठी देहदंड होऊ शकत असे. फटक्यांची शिक्षा सगळी पलटण उभी करून तिच्यासमोर दिली जाई. सार्जंटांचे भाले तिकाटण्यासारखे बांधून त्यांना गुन्हेगाराला जखडत आणि नऊ दोऱ्यांचा चाबूक ढोलवाले चालवत. शिक्षा शेकड्यांत मोजली जाई. शेजारी उभा असलेला डॉक्टर थांबवील तर उरलेले फटके पाठ भरल्यावर.

एवढ्या धाकाचा १७५६ च्या वेढ्यात काय उपयोग झाला, हे पाहण्यासारखे आहे. गव्हर्नर रॉजर ड्रेक आणि सेनापती मिन्चिन १९ जूनला जहाजावर निघून गेले. मागे राहिलेल्या शिपायांनी मद्याची कोठारे फोडली, आणि बहुतेक डच असलेले पन्नासावर लोक रात्रीतून पसार झाले. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. पकडलेल्यांपैकी काही जणांनी दारूच्या नशेत पहारेकऱ्यांवर हात टाकल्याचे सांगतात. तुमच्यात बेशिस्त शिपायांना कुठे ठेवतात, अशी चौकशी झाली आणि याच खोलीकडे बोट दाखवले गेले. आतल्या १४६ पैकी २३ जण वाचले, हा त्या रात्रीतून वाचलेल्या कंपनीच्या अधिकारी हॉलवेलचा आकडा. इतिहासकार ब्रिजेन गुप्ता यांनी कोंडलेल्यांची संख्या ६४ च्या आसपास धरली असून हॉलवेलचा आकडा फुगवलेला असल्याचे आता बहुतेक अभ्यासक मानतात.

देशी शिपायांचा हिशेब वेगळा होता. १७६४ मध्ये बंगालच्या एका पलटणीने बंड केले, तेव्हा मेजर हेक्टर मन्रोने २४ जणांना देहदंड फर्मावून घेतला आणि बहुतेकांना छपरा येथे तोफेच्या तोंडी दिले. त्यांच्यातले ग्रेनेडिअर, म्हणजे पलटणीतले निवडक शिपाई, पुढे सरसावले. लढाईत मानाची उजवी बाजू आमची असते, तेव्हा इथेही मान आमचाच, असे त्यांनी म्हटल्याचे नमूद आहे.

कलकत्त्याची खोली पुढे पाडली गेली. तिच्या परिसरात आज जनरल पोस्ट ऑफिस आहे. ब्रिटिश फौजेतल्या बराकींच्या कोठड्यांना मात्र ‘ब्लॅक होल’ हेच नाव अधिकृतपणे १८६८ पर्यंत चालू राहिले.