साउंड कार्ड उडालंय म्हणे!

फॉर्मॅट मारून आणलेल्या कॉम्प्युटरचा आवाज गेला की आमच्या बेळगावात, शहापूर असो की वडगाव, एकच निदान ऐकायला मिळतं: ‘साउंड कार्ड उडालंय.’ परवा निपाणीहून भाच्याचा फोन आला तोही हेच घेऊन. ‘मामा, लॅपटॉपवर विंडोज परत टाकून घेतलं आणि आवाजच येईना झालाय बघा. दुकानदार म्हणतोय बोर्ड बदला. आई म्हणतीय, अमावस्येला कशाला टाकलास दुरुस्तीला?’

कॉम्प्युटरच्या घड्याळात तारीख असते, तिथी नसते. त्यामुळे अक्काच्या शंकेचं उत्तर सोपं होतं. दुकानदाराचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही, कारण त्यात खिसा रिकामा होतो.

मुळात आजच्या कॉम्प्युटरात वेगळं साउंड कार्ड बहुधा नसतंच. मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर, करंगळीच्या नखाएवढी एक चिप असते, तिला कोडेक म्हणतात. पुष्कळदा ती रिअलटेक या तैवानी कंपनीची असते. गाणं तिच्याकडे येतं ते निव्वळ आकडे होऊन: सेकंदाला साधारण ४८,००० नमुने, आणि १६ बिटांचा (बिट म्हणजे ० किंवा १ चं एक घर) आवाज असेल तर प्रत्येक नमुना ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर. या आकड्यांचं ती कमीजास्त होणारं व्होल्टेज करते, त्याने स्पीकरचा पडदा थरथरतो. विंडोज टाकणं म्हणजे डिस्कवर फायली लिहिणं. त्याने ही चिप जळत नाही. जातो तो तिचा ड्रायव्हर, म्हणजे तिच्याशी कसं बोलायचं हे विंडोजला शिकवणारं सॉफ्टवेअर. सीबीटीवर, म्हणजे आमच्या बेळगावच्या मुख्य बसस्थानकावर, बस उभी आहे, डिझेल भरलंय, पण पाटीच पुसली गेलीय. खानापूरची की चिकोडीची, कुणाला कळेना. तसंच हे.

ही पाटी कशी वाचली जाते, ते मला फार आवडतं. २००४ साली इंटेलने ‘हाय डेफिनिशन ऑडिओ’ हे मानक आणलं. त्यानुसार कॉम्प्युटर सुरू झाला की कोडेकला विचारलं जातं, तू कोण? उत्तर ३२ बिटांचं येतं: अर्धे बिट कंपनीचे, अर्धे मॉडेलचे. रिअलटेकचा क्रमांक १०ईसी. इंटेलचा ८०८६, म्हणजे त्यांच्या १९७८च्या प्रोसेसरचंच नाव. हौस म्हणतात ती ही.

पुढे चिप आपल्या पोटातला नकाशाही सांगते. आकड्यांची वीज करणारे भाग किती, मिक्सर किती, बाहेर पडणारी टोकं किती आणि कोण कुणाला जोडलेलं आहे. या नकाशावरून ड्रायव्हर आवाजाची वाट आखतो. प्रत्येक टोकापाशी आणखी एक ३२ बिटांची नोंद असते, ती सहसा बायॉस, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणारा बोर्डावरचा प्रोग्राम, भरतो. त्यातले ४ बिट फक्त जॅकच्या रंगाचे! ४ म्हणजे हिरवा, ९ म्हणजे गुलाबी. दुसरे ४ बिट सांगतात तिथे काय लावायचं: ० असेल तर लाइन आउट, १ स्पीकर, २ हेडफोन. ६ बिट जागेचे, पुढची बाजू की मागची. आपल्या पाठीवरचं कुठलं भोक कुठल्या रंगाचं आहे, हे त्या यंत्रात लिहून ठेवलेलं असतं.

गोम अशी की लॅपटॉप बनवणारे ही नोंद दरवेळी नीट भरत नाहीत. शिवाय स्पीकरचा अ‍ॅम्प्लिफायर चालू करायची खूण काही बोर्डांवर भलत्याच टोकाला जोडलेली असते. हे गुपित कंपनीच्या ड्रायव्हरला ठाऊक, विंडोजसोबत येणाऱ्या सर्वसाधारण ड्रायव्हरला नाही. तो नोंदीवर विश्वास ठेवतो. म्हणून डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या जोडलेल्या भागांच्या यादीत, बिघाड दाखवणारा पिवळा त्रिकोण नाही, ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ असं छान नाव दिसतंय, आणि स्पीकर मात्र मुका. विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या लिनक्स या सिस्टिमच्या गाभ्यात तर अशा आडमुठ्या मॉडेलांची लांबलचक यादीच आहे, प्रत्येकासमोर त्याची दुरुस्ती लिहिलेली.

भाच्याला म्हटलं, गाणं लाव, साउंडच्या खिडकीत प्लेबॅकचं पान उघड आणि नावासमोरच्या हिरव्या पट्ट्या हलतात का बघ. ‘हलालेत की, मामा!’ म्हणजे विंडोजपर्यंत सगळं ठीक. आवाज कुठे पाठवायचा ते दाखवणारी बरोबरची खूण एचडीएमआय केबलने जोडलेल्या मॉनिटरवर गेली असती तर आवाज तिकडे चालला असता. खूण स्पीकरवरच होती. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये चिपच्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज. तिथे १०ईसी स्पष्ट दिसला. लॅपटॉपच्या पाठीवरचं मॉडेल बघून त्याने बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ऑडिओचा ड्रायव्हर उतरवला, टाकला, रीस्टार्ट केलं. बोर्ड जागच्या जागी राहिला.

‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट’ असं ओरडणारी फुकटची सॉफ्टवेअरं मात्र लांबच ठेवावीत. ती आयडी वाचतात तेवढंच. तुमच्या मॉडेलची खास खोड त्यांना कळेलच असं नाही, वर जाहिरातींचं लटांबर गळ्यात पडतं.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये चिप दिसतच नसेल तर बायॉसमध्ये ऑनबोर्ड ऑडिओ (बोर्डावरच्या चिपचा आवाज) बंद करून ठेवलाय का बघावं. तेही चालू असेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून एखादं गाणं लावावं. तिथेही शुकशुकाट असेल तर बोर्डाचा संशय घ्यायला जागा आहे. आणि तरी आधी काहीशे रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड लावून पाहावं, कारण ते आपला कोडेक आपल्यासोबतच घेऊन येतं.