दार उघडं होतं, तरी पाच वेळा काही झालं नाही

गेल्या पावसाळ्यात कोकणातल्या एका खाडीवर फेरीबोटीने पलीकडे जात होतो. बोट धक्क्यापासून सुटली तेव्हा पुढचा रॅम्प अजून वर येतच होता. साखळी खडखडत होती आणि रॅम्पच्या फटीतून आलेलं पाणी माझ्या स्कूटरच्या चाकाभोवती घुटमळत होतं. मी खलाशाकडे बघितलं. तो तंबाखू मळत म्हणाला, "काय नाय होत ओ, रोजचाच हाय."

आणि खरंच काही झालं नाही. पलीकडे उतरताना एक काका हसत म्हणाले, "काळ आला होता, पण वेळ आली नव्हती."

या म्हणीवर माझा जुना राग आहे. थोडक्यात बचावलेल्या माणसाला दिलासा द्यायला ती ठीक आहे, पण ती चौकशीचं दारच लावून टाकते. वेळ आली नव्हती, विषय संपला. ती का आली नव्हती, नेमकं कशामुळे टळलं, हे कोणी विचारत नाही. समुद्रावरच्या अपघातांचा अभ्यास करणारे नेमकं तेवढंच विचारतात. त्याचं मला माहीत असलेलं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे 'हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' ही ब्रिटिश फेरी.

६ मार्च १९८७. बेल्जियममधल्या झेब्रुग बंदरातून संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी ती इंग्लंडमधल्या डोव्हरकडे निघाली. पोटात गाड्या आणि ट्रक, वर साडेचारशेच्या वर प्रवासी. सहा चोवीसला तिने बंदराचा बाहेरचा बांध ओलांडला आणि वेग घेतला. चार मिनिटांनी ती आडवी झाली होती. किनारा दिसत होता, समुद्र शांत होता. एकूण १९३ माणसं गेली.

पुढचं दार उघडं राहिलं होतं. या फेऱ्यांना नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, भलंमोठं दार असतं आणि त्यातून गाड्या थेट डेकवर चढतात. ते लावायचं काम ज्याचं होतं तो साहाय्यक बोसन (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाचा मदतनीस) साफसफाई आटोपून आपल्या केबिनमध्ये गेला होता आणि तिथे त्याला झोप लागली. 'एक माणूस झोपला आणि १९३ मेले' अशी गोष्ट इथे संपवता येते, आणि बऱ्याच जणांनी तशी संपवलीही. पण दार उघडं राहिलं म्हणून जहाज चार मिनिटांत उलटावं का? उघड्या दारातून पाणी शिरेल, जहाज जड होईल, हळूहळू बुडेल, असं आपल्याला वाटतं. बादली भरते तसं.

जहाज तसं बुडत नाही, निदान असलं जहाज तरी. आता थोडं भौतिकशास्त्र. माझा आवडता भाग हाच आहे, त्यामुळे जरा लांबेल.

तरंगणाऱ्या जहाजावर दोन बलं काम करतात. वजन गुरुत्वमध्यातून खाली ओढतं आणि प्लावक बल बुडालेल्या भागाच्या मध्यातून वर ढकलतं. जहाज डावीकडे कललं की डावीकडचा जास्त भाग पाण्यात जातो, त्यामुळे प्लावक बलाचा बिंदू डावीकडे सरकतो. गुरुत्वमध्य मात्र जागचा हलत नाही. आता खालून लागणारा रेटा डावीकडून आणि वजन मधून, म्हणजे जहाज पुन्हा उभं करणारं वळण तयार झालं. ते किती दमदार आहे ते एका उंचीवरून मोजतात. तिला जहाजवाले 'जी-एम' म्हणतात. अशा फेरीची जी-एम साधारण दीड-दोन मीटर धरा. ती शून्याच्या खाली गेली की जहाज सरळ उभं राहू शकत नाही.

या सगळ्या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. आतलं सामान जागचं हलत नाही. पाणी हलतं.

घरी करून बघा. दोन लिटर पाणी कळशीत घेऊन स्वयंपाकघरातून गॅलरीत जा. काही विशेष होणार नाही. आता तेच दोन लिटर पाणी मोठ्या परातीत ओता आणि तसंच चाला. तिसऱ्या पावलाला पाणी एका कडेला धावतं, परात तिकडे कलते, कलली म्हणून आणखी पाणी तिकडे जातं आणि पुढचं फरशीला विचारा. वजन तेच आहे, फरक पडला तो मोकळ्या पृष्ठभागाच्या रुंदीचा. आणि तो थोडाथोडका नाही. रुंदी दुप्पट केली की घसरलेल्या पाण्याची पाचर दुप्पट रुंद होते आणि कडेला दुप्पट जाड होते, म्हणजे चौपट पाणी. शिवाय ते पाणी दुप्पट अंतर सरकतं. दोन गुणिले दोन गुणिले दोन. उपद्रव आठपट. रुंदीचा घन!

गाड्यांचा डेक म्हणजे अशीच एक अवाढव्य परात. आडवी भिंत नाही, उभी भिंत नाही, कारण गाड्या एका टोकाने चढून दुसऱ्या टोकाने उतरायला हव्यात. समजा डेक १०० मीटर लांब आणि २० मीटर रुंद आहे, आणि जहाजाने ९,००० घनमीटर पाणी बाजूला सारलं आहे. रुंदीचा घन ८,०००, गुणिले लांबी १००, भागिले १२, भागिले ९,०००. उत्तर येतं सुमारे ७.४ मीटर. जी-एममधून एवढी वजाबाकी करायची, आणि हातात आहेत दोन मीटर!

सूत्रात पाण्याची खोली कुठेच नाही, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आलं असेल. मग बोटभर पाण्यानेही जहाज उलटावं. तसं होत नाही, कारण थर पातळ असला की जरा कलताच सगळं पाणी एका कोपऱ्यात जमतं आणि वरची बाजू कोरडी पडते. तिथे सूत्राची सद्दी संपते आणि खोलीला महत्त्व येतं. याच काल्पनिक जहाजावर दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे २०० टन. ते सगळं एका कडेला गेलं तर जहाज सहा-एक अंश कलेल आणि तिथेच थांबेल. तीस सेंटिमीटर झालं तर पंधरा-वीस अंश. पोटरीपर्यंत येईल एवढंच पाणी, पण एवढ्या कलावर ट्रक घसरतात, माणसं घसरतात आणि तेही पाण्यासारखंच वागायला लागतात. 'हेराल्ड' पहिल्याच झटक्यात सुमारे तीस अंश कलली होती.

तीस सेंटिमीटर म्हणजे ६०० टन पाणी, ते यायला किती वेळ? दार सहा मीटर रुंद, उंबरठ्यावर अर्धा मीटर पाणी, वेग १८ नॉट म्हणजे सेकंदाला नऊ मीटर. सेकंदाला सत्तावीस टन झाले. पाणी काही इतक्या सरळ आत शिरत नाही, म्हणून दहावा हिस्साच धरू. तरी चार मिनिटांच्या आत काम होतं. बांधापासून उलटण्यापर्यंत लागलेली चार मिनिटं आठवा. आकडे माझे, ढोबळ आहेत, पण माप जुळतं.

(ज्यांनी मधले दोन परिच्छेद गाळले, त्यांनी परात तेवढी लक्षात ठेवावी.)

आता शीर्षकाकडे. या अपघाताची चौकशी न्यायमूर्ती शीन यांनी केली. त्याच कंपनीची जहाजं त्याआधीही निदान पाच वेळा दार उघडं ठेवून समुद्रात गेली होती, असं त्यात पुढे आलं. त्यातली एक घटना तर भुतासारखी आहे. ऑक्टोबर १९८३ मध्ये 'हेराल्ड'चंच भगिनी-जहाज 'प्राइड' डोव्हरहून असंच उघडं निघालं होतं. कारण? साहाय्यक बोसनला झोप लागली होती. काही झालं नाही.

का झालं नाही, हे त्या वेळी विचारलं असतं तर उत्तर सापडलं असतं. दार पाण्याच्या बरंच वर असतं, त्यामुळे नुसत्या उघड्या दाराने जहाज बुडत नाही. नाळ खाली गेलेली असावी लागते आणि पुढची लाट उंच उठावी लागते. त्या संध्याकाळी दोन्ही जमून आलं. हे जहाज ज्या मार्गासाठी बांधलं होतं तिथे धक्क्याला दोन मजली उतार होता, झेब्रुगला एकच. भरतीच्या वेळी तो वरच्या डेकपर्यंत पोचत नसे. मग नाळेकडच्या टाक्यांत पाणी भरून जहाजाचं नाकच खाली करायचं. निघताना ते पाणी पूर्ण उपसलं गेलेलं नव्हतं. त्यात तिथे पाणी उथळ. उथळ पाण्यात जोरात जाणाऱ्या जहाजाखालून पाणी चिंचोळ्या वाटेने वेगाने मागे पळतं, दाब उतरतो आणि जहाज आणखी खाली बसतं. बर्नुलीचं तत्त्व आपण शाळेत विमानाच्या पंखासाठी पाठ करतो, ते इथे उलटं लागू होतं. हे बसणं वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं, आणि नाळेपुढची लाटही वेगाबरोबर उंच होते.

म्हणजे सावकाश जाताना, नाक वर असताना, दार उघडं ठेवून शंभरदा गेलात तरी डेक कोरडा. पाणी उंबरठ्याच्या वीतभर खाली आलं तरी कोरडा. उंबरठ्यावर आलं की परात. मधली पायरी नाही. पाच वेळा काही झालं नाही, यावरून दार उघडं चालतं असं सिद्ध होत नाही. त्या पाच वेळा पाणी उंबरठ्याच्या किती खाली होतं, एवढाच खरा प्रश्न होता, आणि तो कोणी मोजला नव्हता.

दुसरी एक गोष्ट मला त्या झोपेपेक्षा जास्त अस्वस्थ करते. कंपनीच्या नियमाप्रमाणे काही बिघाड असला तरच कप्तानाला कळवायचं. कोणी काही कळवलं नाही की सगळं ठीक समजायचं. ब्रिजवरून, म्हणजे कप्तान जिथून जहाज चालवतो तिथून, दार दिसत नव्हतं. दार लावणारा झोपलेला. दुसऱ्या एकाने उघडं दार पाहिलं, पण ते लावणं त्याच्या कामात बसत नव्हतं. ज्या अधिकाऱ्याने खात्री करायची, त्याला त्याच वेळी ब्रिजवरही हजर राहायचं होतं. कप्तानापर्यंत पोचली ती शांतता, आणि शांततेचा अर्थ 'सगळं ठीक' असा ठरलेला होता. १९८५ मध्ये त्या ताफ्यातल्या एका कप्तानाने दाराची स्थिती दाखवणारा दिवा ब्रिजवर बसवा, असं सुचवलं होतं. व्यवस्थापनातून उत्तरं आली ती थट्टेची. दार लावणारा जागा आणि शुद्धीत आहे का, हे सांगायलाही दिवा हवा का, अशा धर्तीची. अपघातानंतर काही दिवसांतच उरलेल्या भगिनी-जहाजांवर ते दिवे बसले.

आपल्याकडे १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला जाणारी 'रामदास' बोट उलटली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. आजही तो विषय निघाला की कोणीतरी गटारी अमावस्या काढतोच. अमावस्येला उधाणाची भरती येते, हे चंद्र-सूर्याच्या ओढीचं साधं गणित आहे, पण भरती बोट उलटवत नाही. पावसाळी समुद्र, लाटेचा तडाखा आणि घाबरून एका बाजूला धावलेली गर्दी, हे मात्र उलटवू शकतं. खचाखच भरलेल्या डेकवरची माणसं म्हणजेसुद्धा मोकळं पाणीच. तिथीवर खापर फोडलं की प्रवासी किती, हवामान कसं, सोडायचा निर्णय कोणाचा, हे प्रश्न आपोआप बुडतात.

'हेराल्ड'नंतर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९९३ मध्ये सुरक्षित व्यवस्थापनाची संहिता स्वीकारली आणि १९९८ पासून ती टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. किनाऱ्यावर एक ठरावीक माणूस हवा, ज्याची कंपनीच्या वरिष्ठांपर्यंत थेट पोच असेल, आणि थोडक्यात टळलेल्या घटनांचीही नोंद व चौकशी हवी, हे त्यात आलं. तरी १९९४ मध्ये बाल्टिक समुद्रात 'एस्टोनिया'चं नाळेचं झाकण लाटांनी तुटलं, पुन्हा तीच परात, आणि ८५२ माणसं गेली. त्यानंतर उत्तर युरोपातल्या देशांनी नियम केला की गाड्यांच्या डेकवर अर्ध्या मीटरपर्यंत पाणी साचलं तरी फेरी तगली पाहिजे. आता कुठे नियम भौतिकशास्त्राच्या भाषेत बोलायला लागला.

नोंदींचाही एक बाजार झालाय. एका गंभीर इजेमागे २९ किरकोळ इजा आणि ३०० बिनइजेच्या घटना असतात, हा हाइनरिकचा १९३१ चा त्रिकोण तुम्ही कारखान्यांच्या भिंतींवर पाहिला असेल. तो एका विमावाल्याचा अंदाज होता, न्यूटनचा नियम नव्हे. तरी त्यावर विसंबून महिन्याला इतके 'निअर-मिस' (थोडक्यात टळलेल्या घटना) भरा असा कोटा दिला जातो. मर्चंट नेव्हीतले मित्र सांगतात, की मग महिनाअखेरीस फॉर्म भरले जातात. अमक्याने हातमोजे घातले नव्हते, तमक्याचा पाय पायरीवरून घसरला. उघड्या दाराचा फॉर्म कोणी भरत नाही, कारण त्यात कोणाचं तरी नाव येतं. तीनशे हातमोज्यांखाली एक दार सहज लपतं.

परतीच्या फेरीला मी मुद्दाम डेकच्या कडेला उभा राहिलो. या फेरीबोटींचा डेक उघडा असतो आणि कडेला पाणी जायला भोकं असतात. परातीवरचा तो सगळ्यात स्वस्त उपाय आहे. माझ्या पायाजवळच्या भोकात एक चेपलेली पाण्याची बाटली आणि नारळाची शेंडी अडकली होती, मागे दोन बोटं पाणी साचून बोटीबरोबर इकडून तिकडे जात होतं. चपलेच्या टोकाने शेंडी ढकलली. पाणी घळाघळा गेलं. खलाशी बघत होता. त्याने पुढच्या भोकातली गुटख्याची पाकिटं स्वतःच वाकून काढली, आणि समुद्रात टाकली.