घड्याळातला वेग आणि मैदानातला वेग

2017 साली अमेरिकन फुटबॉलपटूंच्या चाचणीत, इंडियानापोलिसच्या बंदिस्त स्टेडियममध्ये, जॉन रॉस 40 यार्ड पळाला आणि घड्याळ 4.22 सेकंदांवर थांबलं. तोवरचा हा विक्रम होता. त्याच चाचणीत कूपर कप नावाच्या दुसऱ्या खेळाडूला तेवढ्याच अंतराला 4.62 सेकंद लागले. दोघंही वॉशिंग्टन राज्यातल्या विद्यापीठांतून आलेले, दोघंही वाइड रिसीव्हर, म्हणजे लांबून फेकलेला चेंडू पळत जाऊन झेलणारे. नंतरच्या खेळाडू-निवडीत सिनसिनाटी बेंगल्स या संघाने रॉसला नवव्या क्रमांकावर उचललं. कपचं नाव पुकारलं गेलं 69व्या क्रमांकावर, लॉस एंजेलिस रॅम्सकडून. रॉसच्या एनएफएलमधल्या, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमधल्या, सगळ्या मोसमांची बेरीज 62 झेल आणि 957 यार्ड. कपने 2021 या एकाच मोसमात 145 झेल घेऊन 1947 यार्ड कमावले आणि त्याच मोसमाच्या सुपर बोलचा, म्हणजे अंतिम सामन्याचा, सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. रॉसला दुखापतींनी छळलं हे खरं, पण सगळा फरक दुखापतींच्या माथी मारता येत नाही.

हा अमेरिकन फुटबॉल आहे, आपल्याकडचा पायाने खेळायचा नव्हे. दर वसंतात एनएफएलचे 32 संघ विद्यापीठांतल्या खेळाडूंमधून आळीपाळीने निवड करतात, तो ड्राफ्ट. त्याआधी होणारी चाचणी म्हणजे कम्बाइन, आणि तिथला सगळ्यात गाजणारा आकडा 40 यार्डांच्या धावेचा. तिला सगळे नुसतं ‘फोर्टी’ म्हणतात. टीव्हीवर आकडा झळकतो, निवेदक ओरडतात, आणि त्या क्षणापासून दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत सुरू होते: खेळाडू पळतो किती जोरात, आणि खेळताना तो वेगवान असतो का.

आधी घड्याळातला वेग. 40 यार्ड म्हणजे साडेछत्तीस मीटर. खेळाडू अर्ध्या चड्डीत, हलक्या बुटांत, दोन पाय आणि एक हात अशा तीन बिंदूंवर तोल सांभाळून वाकलेला असतो. समोर कोणी नसतं, हातात चेंडू नसतो, आणि निघायचं केव्हा ते त्याचं तो ठरवतो. तो हलला की माणूस हाताने घड्याळ सुरू करतो. शेवटची नोंद मात्र यंत्र करतं. बंदुकीच्या आवाजाला प्रतिसाद द्यायला जो वेळ जातो, तो इथे धरलेलाच नाही. म्हणून ‘अमुक खेळाडू उसेन बोल्टपेक्षा वेगवान’ अशा पोस्ट फिरतात तेव्हा त्या सरळ सोडून द्याव्यात. 2009 साली बर्लिनला 9.58 सेकंदांच्या विश्वविक्रमी धावेत बोल्टने 40 मीटर 4.64 सेकंदांत पार केले, पण त्यात त्याचा 0.146 सेकंदांचा प्रतिसाद होता आणि अंतरही जवळपास साडेतीन मीटर जास्त होतं. त्याचा सर्वाधिक वेग तर 60 ते 80 मीटरच्या टप्प्यात आला. फोर्टी त्याच्या कितीतरी आधी संपते. ती मुख्यतः मोजते ते वेग पकडणं.

दुसरी बाजू कशी दिसते ते तेव्हा सिएटलकडून खेळणाऱ्या रिसीव्हर डीके मेटकाफकडे बघून कळेल. 2019च्या कम्बाइनमध्ये सुमारे 104 किलोचा हा गडी 4.33 सेकंदांत पळाला. ऑक्टोबर 2020मध्ये ॲरिझोनाच्या बडा बेकरने सिएटलचा पास मधेच झेलला आणि मोकळ्या मैदानात धाव घेतली. मेटकाफ बराच मागे होता. त्याने पाठलाग करून बेकरला गोलरेषेपाशी पाडलं. त्या धावेत त्याचा वेग ताशी 36 किलोमीटरच्या वर गेला होता. पुढच्या मे महिन्यात तो खऱ्याखुऱ्या धावपटूंसोबत 100 मीटरच्या शर्यतीत उतरला. 10.36 सेकंद. त्या आकाराच्या माणसाला थक्क करणारी वेळ, आणि तरी तो आपल्या हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, शेवटचा आला. पण कम्बाइनच्या ज्या चाचणीत तीन शंकूंभोवती वळून पळायचं असतं, तिथे त्याची वेळ यथातथाच होती. सरळ रेषेत गाडीसारखा सुटणारा माणूस वळणावर अडखळू शकतो. खो-खो खेळलेल्यांना हे सांगायची गरज नाही.

आणि रिसीव्हरचं बरंचसं काम वळणावरच असतं. दहा-बारा यार्ड पळायचं, एका पायावर करकचून ब्रेक लावायचा, बचाव करणारा पुढे घसरला की उलट दिशेने सुटायचं. थांबण्याची ही कला फोर्टीत दिसतच नाही. कपचं बलस्थान नेमकं हेच. शिवाय समोरचा बचाव कसा उभा आहे हे ओळखून अर्धा क्षण आधी निघणं. असा खेळाडू घड्याळात 0.40 सेकंद मागे, म्हणजे रॉस रेषेवर पोचताना साडेतीन मीटरच्या आसपास मागे असतो, पण पास येतो तेव्हा त्याच्याभोवती मोकळी जागा असते.

खांद्याच्या पॅडमध्ये बसवलेल्या चिप आता सेकंदाला दहा वेळा प्रत्येक खेळाडूची जागा नोंदवतात, त्यामुळे सामन्यातला वेगही आकड्यांत मिळतो. पण तिथेही सावध राहावं. मोसमातल्या सर्वाधिक वेगांची यादी बहुतेक अशांची असते ज्यांना लांबवर मोकळं मैदान मिळालं. गर्दीत काम करणाऱ्याला तो वेग गाठायची वेळच येत नाही.

मग फोर्टी निरुपयोगी? असं म्हणणारे बरेच आहेत आणि मला ते पटत नाही. कुझमिट्स आणि ॲडम्स या संशोधकांनी 2008 साली कम्बाइनचे आकडे आणि नंतरची कारकीर्द ताडून पाहिली. क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा), रिसीव्हर आणि रनिंग बॅक (चेंडू हातात घेऊन पळणारा) या तीन जागांपैकी एकाच ठिकाणी धावेच्या वेळेचा कामगिरीशी ठाम संबंध दिसला: रनिंग बॅक. ते समजण्यासारखंही आहे. त्याला चेंडू हातात मिळतो, फट दिसते आणि ती बुजायच्या आत त्यातून निसटायचं असतं. 4.24 सेकंदांत पळालेल्या क्रिस जॉन्सनने 2009 साली 2006 यार्ड धाव घेतली. मात्र 4.54 वाल्या डेरिक हेन्रीने 2020 साली 2027 यार्ड काढले! हेन्रीचं वजन होतं 247 पौंड, जॉन्सनचं दोनशेच्या आत. क्रीडालेखक बिल बार्नवेल यांनी 2008 साली मांडलेला ‘स्पीड स्कोअर’ याच अडचणीतून आला: पौंडांतल्या वजनाला 200ने गुणायचं आणि फोर्टीच्या वेळेच्या चौथ्या घाताने भागायचं. शंभर म्हणजे सर्वसाधारण. या हिशेबात जॉन्सन 122च्या आसपास येतो, हेन्री 116च्या. घड्याळात दोघांत मोठी दरी होती. वजन धरलं की ती बरीच भरून निघते.

रिसीव्हरांमध्ये संबंध क्षीण दिसतो याला आणखी एक कारण आहे, आणि वादात तेच सहसा निसटतं. कम्बाइनला बोलावणं येतं ते मुळात वेगवानांनाच. त्यातला जो संथ, तो दुसऱ्या कशात तरी असामान्य असल्याशिवाय तिथवर पोचतच नाही. 4.62 वाला कप यशस्वी झाला म्हणून 4.62 वाले सगळे चालतील असं नाही, 4.62 वाले हजारो जण विद्यापीठातच थांबले आणि आपल्या तक्त्यात आलेच नाहीत. वेगाची एक किमान पायरी लागतेच. ती ओलांडल्यावर आणखी दशांशाने काय मिळतं, एवढाच खरा प्रश्न.

संघ मात्र त्या दशांशाला पैसे मोजत आले आहेत. 2009 साली ओकलंड रेडर्सने 4.30 वाल्या डॅरियस हेवर्ड-बेला सातव्या क्रमांकावर घेतलं. त्याच ड्राफ्टमधला दुसरा रिसीव्हर मायकल क्रॅबट्री पायाच्या दुखापतीमुळे फोर्टी पळालाच नव्हता. तो दहावा गेला. हेवर्ड-बेचे पहिल्या मोसमात नऊ झेल. 2011मध्ये तो 975 यार्डांपर्यंत गेला, एका मोसमात हजार कधीच गाठू शकला नाही. क्रॅबट्रीने दोनदा गाठले.

वेगाचा एक फायदा मात्र खेळाडूच्या नावावर लागत नाही. टायरीक हिलसारखा अतिवेगवान रिसीव्हर मैदानात असला की मागचा बचावपटू दहा पावलं आणखी मागे उभा राहतो आणि मधली जागा सहकाऱ्यांना मिळते. हिलचा जुना संघ कॅन्सस सिटीने तो गेल्यानंतर दोन वर्षांनी, 2024 साली, झेवियर वर्दीला 28व्या क्रमांकावर घेतलं. त्या वर्षी त्याने 4.21 सेकंदांत रॉसचा विक्रम मोडला होता. पहिल्या मोसमात त्याने 59 झेलांत 638 यार्ड कमावले, म्हणजे झेलामागे अकरा यार्डांहूनही कमी, कारण बरेचदा त्याला चेंडू जवळच दिला जात होता. फिलाडेल्फियाविरुद्धच्या सुपर बोलमध्ये त्याने 157 यार्ड आणि दोन टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेऊन मिळवलेले गुण) केले. त्यातला 50 यार्डांचा टचडाउन आला तोवर सामना केव्हाच हातातून गेला होता.