रोहूची गोठित रेतमात्रा आणि परातीतले एक मिनिट

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत गावोगाव माजी मालगुजारी (जुन्या मालगुजारांच्या काळातले) तलाव आहेत आणि त्यांवर ढिवर समाजाच्या कितीतरी कुटुंबांचा संसार चालतो. पावसाळ्यात या तलावांत सोडलेली बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशाची पिल्ले, कोणत्या नर-मादीची आहे, यावर पुढील हंगामाचे उत्पन्न बरेचसे ठरते. बीजकेंद्रात वर्षानुवर्षे एकाच तळ्यातील, एकमेकांच्या नात्यातील मासे प्रजननासाठी वापरले, तर वाढ मंदावते आणि मर वाढते. त्यावरचा उपाय म्हणजे बाहेरचे रक्त आणणे. भुवनेश्वरच्या संशोधन संस्थेने नॉर्वेच्या सहकार्याने निवड पद्धतीने विकसित केलेला ‘जयंती’ रोहू १९९७ पासून उपलब्ध आहे. परंतु पाच किलोचा जिवंत नर जुलैच्या उकाड्यात एवढ्या लांबून आणण्यापेक्षा त्याचे रेत आणणे कितीतरी सोपे आहे. गाई-म्हशींच्या बाबतीत आपण हेच करतो, आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातील नायट्रोजनचा कंटेनर खेड्यात कोणाला नवीन नाही.

माशांचे रेत गोठवण्याची पद्धतही तशीच आहे. क्षार आणि ग्लुकोज असलेल्या द्रावणात रेत पातळ करतात, त्यात डायमिथाइल सल्फॉक्साइडसारखा संरक्षक द्रव मिसळतात, बारीक नळ्यांत भरून त्या आधी नायट्रोजनच्या वाफेत आणि मग उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवात ठेवतात. संरक्षक द्रव पेशीत बर्फाचे स्फटिक होऊ देत नाही, मात्र त्याचे प्रमाण वाढले तर तोच शुक्राणूंना मारक ठरतो. एवढे सांभाळूनही पुष्कळ शुक्राणू दगावतात आणि उरलेल्यांचा जोर कमी झालेला असतो. अंडे गोठवणे मात्र अजून साधलेले नाही, कारण ते आकाराने मोठे आणि बलकाने भरलेले असते. म्हणून मादी ताजीच लागते.

खरी कसोटी रेत वितळवल्यानंतर लागते. गाईच्या शरीरात शुक्राणूंना तासन्तास वेळ मिळतो. माशाच्या शुक्राणूला तो मिळत नाही. नराच्या शरीरात तो निश्चल असतो, गोड्या पाण्याचा स्पर्श झाला की झटक्यात पोहू लागतो आणि मिनिटभरात, फार तर दोन मिनिटांत, त्याची शक्ती संपते. त्याला अंड्याचे कवचही भेदता येत नाही. कवचावर एकच सूक्ष्म छिद्र असते, आणि अंड्याला पाणी लागल्यावर तेही थोड्याच वेळात बंद होते. त्यामुळे वेळेपूर्वी पडलेला पाण्याचा एक थेंबही नुकसान करतो. भंडारा जिल्ह्यातील एका बीजकेंद्रावर मादीचे पोट दाबून अंडी परातीत घेत असताना तिथल्या वयस्क कारागिराने मला थांबवले होते, “हात पुसा जी आधी, ओला हात चालत नाही.” परात कोरडी, मासा पुसलेला, ढवळायला कोंबडीचे पीस, आणि पाणी सर्वांत शेवटी, असा त्यांचा क्रम होता.

गोठित रेत वापरताना हा क्रम अधिकच काटेकोरपणे पाळावा लागतो. सगळ्या नळ्या एकदम वितळवून मादीची वाट पाहत बसणे ही मला सर्वांत महागात पडणारी चूक वाटते; अंडी परातीत आल्यावरच नळ्या कोमट पाण्यात काही सेकंद धराव्यात आणि रेत लगेच अंड्यांवर सोडावे. अंडी एका वेळी थोडीच घ्यावीत, कारण थर जाड झाला तर खालची अंडी कोरीच राहतात. शुक्राणू अशक्त असल्यामुळे प्रत्येक अंड्यामागे त्यांची संख्याही ताज्या रेतापेक्षा बरीच जास्त ठेवावी लागते. साध्या पाण्याऐवजी सौम्य क्षारांचे द्रावण वापरले तर पोहण्याचा काळ थोडा लांबतो. कॉमन कार्प या माशासाठी लिटरमागे ४ ग्रॅम मीठ आणि ३ ग्रॅम युरिया हे मिश्रण फार पूर्वीपासून वापरात आहे.

त्याच मादीची थोडी अंडी ताज्या रेताने फळवून शेजारच्या भांड्यात ठेवावीत. काही तासांनी फळलेली अंडी काचेसारखी पारदर्शक राहतात, न फळलेली पांढरी पडतात. दोन्ही भांड्यांतून शंभर-शंभर अंडी मोजली की दोष गोठवण्यात होता, हाताळणीत होता, की मादीच पुरती तयार नव्हती, याचा अंदाज त्याच दिवशी येतो आणि पुढच्या मादीच्या वेळी नळ्या किती काढायच्या हे ठरवता येते.